पोरगं पांढरं पडलं, मग रक्त चढवायचं का?

आम्ही किकवी आणि भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर आईमुलांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या बाया. आज बोलणार आहोत ते मुलांच्या अंगात रक्त कमी होण्याबद्दल, आणि त्यांना रक्त चढवण्याबद्दल.

घरोघर फिरताना या विषयावर आम्हांला दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एका घरात म्हणतात, "पोरगं लई अशक्त झालंय, एक पिशवी रक्ताची लावा म्हणजे तरतरी येईल." दुसऱ्या घरात डॉक्टरांनी स्वतःहून रक्त सांगितलेलं असतं, आणि आजी म्हणते, "परक्याचं रक्त नको गं बाई, सलाईनवर भागवा." एका घरी रक्त नको असताना मागतात, दुसऱ्या घरी हवं असताना नाकारतात. दोन्हींत नुकसान लेकराचंच. म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. रक्त हे टॉनिक नाही, ते औषध आहे. ते कुणाला, कधी आणि किती द्यायचं याला हिशेब आहे. आणि रक्त कमी का झालं हे शोधल्याशिवाय कुठलाच उपचार पुरा होत नाही.

आधी हे दुखणं ओळखायचं कसं ते पाहू. रक्तातला लाल रंग असतो हिमोग्लोबिनचा. श्वासातला प्राणवायू अंगभर पोहोचवायचं काम त्याचं. ते तयार व्हायला लोह लागतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलात हिमोग्लोबिन साधारण 11 च्या वर असायला हवं, त्याहून मोठ्या शाळकरी मुलात साडेअकराच्या वर. ते खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. आणि हे काही एखाद्या घरचं दुखणं नाही. 2019 ते 2021 या काळात देशभर कुटुंब आरोग्याची मोठी पाहणी झाली. तीत आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या 100 मुलांपैकी जवळजवळ 69 मुलांत रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या पाहणीत हाच आकडा 54 च्या आसपास होता. म्हणजे आपल्या अंगणवाडीत 30 मुलं बसली असतील, तर त्यांतल्या 20 जणांना हा त्रास असू शकतो.

पण तो दिसत नाही, कारण हळूहळू येतो. मूल रडत नाही, तापत नाही, फक्त शांत होतं. आई कौतुकानं सांगते, "आमचा लई शहाणा, एका जागी बसून असतो." दोन-तीन वर्षांचं पोर एका जागी बसून राहत असेल तर बायांनो, शहाणपण म्हणून सोडून देऊ नका. त्याचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरून बघा. डोळ्याची खालची पापणी हलक्या हातानं ओढून आतला रंग बघा. तो लालसर गुलाबी हवा. फिका पांढुरका दिसला, मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असलं, जेवायला मागत नसलं, चार पावलांत दमत असलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. बोटाच्या थेंबभर रक्तावर ते कळतं.

आता, कमी का झालं? आपल्याकडे बहुतेक मुलांत कारण असतं लोहाची कमतरता. आईच्याच अंगात रक्त कमी असेल तर बाळ जन्मताना लोहाची शिदोरी थोडी घेऊन येतं. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर ते लोह पुरत नाही, आणि वरचं खाणं उशिरा सुरू होतं. आपल्याकडे गोठा घरचा, म्हणून मूल जेवत नाही तर दूध पाज, असं चालतं. वर्षाच्या आतल्या बाळाला गाईम्हशीचं दूध हे मुख्य अन्न नाही. मोठं मूलही दिवसभर दुधानंच पोट भरत असेल, तर भाजी-भाकरीला जागा उरत नाही. दुधात लोह अगदी नाममात्र. दुसरं कारण जंत. अनवाणी, ओल्या मातीत खेळणाऱ्या मुलांच्या आतड्यात आकडेजंत शिरले की ते रोज थोडं थोडं रक्त पितात. म्हणून साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत, शाळेत जंताची गोळी देतात, ती चुकवायची नाही.

पण सगळा रक्तक्षय लोहाचा नसतो. मलेरिया, सिकलसेल, थॅलेसेमिया, बी-12 किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता, पोटातून नकळत होणारा रक्तस्राव, क्वचित रक्ताचा कर्करोग, अशी इतर कारणंही असतात. म्हणून "रक्त कमी आहे" एवढं ऐकून घरी येऊ नका. "डॉक्टर, कशानं कमी आहे?" हा प्रश्न विचारा. तो विचारायचा आपल्याला हक्क आहे.

लोहाच्या कमतरतेला औषध साधं आणि फुकट आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोह आणि फॉलिक ॲसिडचं पातळ औषध आशाताई घरी आणून देते. रक्त कमी होऊ नये म्हणून ते आठवड्यातून दोनदा, 1 मिलिलिटर द्यायचं असतं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळेत आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहाच्या पुढच्यांना निळी. ज्याचं रक्त आधीच कमी आहे त्याचा डोस वेगळा. तो वजनावर ठरतो, डॉक्टर सांगतात, आणि रोज द्यावा लागतो.

इथे आपल्या बाया कुठे थांबतात तेही सांगतो. दोन दिवसांनी शी काळी होते, घरात कुणीतरी म्हणतं औषध उष्ण पडलं, आणि बाटली फळीवर जाते. लोहाच्या औषधानं शी काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. औषध चहा-दुधाबरोबर देऊ नका, चहातला तुरटपणा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू-पाण्याबरोबर, पेरूच्या फोडीबरोबर दिलं तर चांगलं लागू पडतं. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एकानं वाढायला हवं. वाढलं म्हणून लगेच थांबायचं नाही. अंगातली कोठी भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने लागतात. आणि महिनाभर नेमानं देऊनही वाढलं नाही, तर मुकाट्यानं दुसरी बाटली आणू नका, पुढच्या तपासणीला न्या. एक मोठी सूचना: लोहाच्या गोळ्यांचं पाकीट मुलांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. गरोदर सुनेच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या समजून लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर ते जिवावर बेततं. असं झालं तर घरी उलटी काढत बसू नका, पाकीट हातात घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

खाण्याचं म्हणाल तर बीट लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. आपल्या बांधावर, परसात जे आहे ते बघा. शेवग्याचा पाला, राजगिरा, चवळई, अंबाडी, नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, तीळ, हळीव. खाणाऱ्यांच्या घरी अंडी, सुकट, आठवड्याला एखादवेळी कलेजी. मटण-मासळीतलं लोह अंगी लवकर लागतं. पालेभाजीवर लिंबू पिळायचं, आणि भाजी लोखंडी कढईत करायची. पण रक्त फार कमी झालं असेल तर नुसत्या खाण्यानं ते भरून येत नाही. तिथे औषधच लागतं.

मग रक्त चढवायची वेळ कधी येते? जगभरच्या बालरोगाच्या नियमांत साधारण असं धरतात: हिमोग्लोबिन 4 च्या खाली गेलं तर रक्त द्यायचं. 4 ते 6 च्या मध्ये असेल तर मुलाकडे बघायचं. धाप लागली आहे का, हृदयावर ताण आहे का, मूल गुंगीत आहे का, जुलाबानं सुकलंय का, अंगात जोराचा आजार आहे का? असेल तर द्यायचं. नसेल तर औषध सुरू करून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येतं. 2019 साली युगांडा आणि मलावी या आफ्रिकेतल्या देशांत झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हिमोग्लोबिन 4 ते 6 असलेली, पण दुसरी गंभीर लक्षणं नसलेली दीड हजारांवर मुलं होती. निम्म्यांना लगेच रक्त दिलं. निम्म्यांना दवाखान्यात ठेवून, पुन्हा पुन्हा तपासून, गरज पडली तरच दिलं. दोन्ही गटांत मुलं दगावण्याच्या प्रमाणात ठळक फरक निघाला नाही. पण एक ध्यानात ठेवा. थांबलेल्या मुलांतल्या जवळजवळ निम्म्यांना पुढे रक्त द्यावंच लागलं. म्हणजे थांबायचं ते दवाखान्यात, नजरेखाली. घरी नेऊन नव्हे.

म्हणून डॉक्टर म्हणाले, "आत्ता रक्त नको," तर ते टाळाटाळ करतात असं समजू नका. आणि "आत्ता लगेच द्यायला हवं" म्हणाले, तर गावी फोन करून चार माणसांचा सल्ला घेण्यात रात्र घालवू नका. श्वास जोरात चालतोय, छाती खाली ओढली जातेय, पायावर सूज आहे, ओठ पांढरे पडलेत, मूल पाणी पीत नाही, हाक मारली तर डोळे उघडत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. भोरचं सरकारी रुग्णालय, वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते आधी गाठा. किकवीपासून पुणं 40-45 किलोमीटर आहे, पण वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून महामार्गाला लागेपर्यंतच किती वेळ जातो, पावसाळ्यात तर विचारायलाच नको, हे आपल्याला ठाऊक आहे. भात लावणीच्या दिवसांत "एवढा तुकडा लावून होऊ दे, मग नेऊ" असं करू नका.

प्रत्यक्ष रक्त देताना काय होतं, ते आधी माहीत असलं की भीती निम्मी होते. प्रथम मुलाच्या रक्ताचा नमुना घेतात. तपासणीसाठी लागणारं रक्त आधीच काढून ठेवतात, कारण एकदा बाहेरचं रक्त गेलं की काही आजार ओळखणं अवघड होतं. मग रक्तगट बघतात, आणि पिशवीतलं रक्त मुलाच्या रक्ताशी जुळतं का तेही बघतात. याला तासभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तो वेळ वाया गेलेला नसतो.

रक्तपेढीतून पिशवी आणायला घरच्या माणसाला पाठवलं तर ती बर्फाच्या डब्यातच आणायची, वाटेत चहाला थांबायचं नाही. गार आहे म्हणून ती कडेला धरून, उन्हात ठेवून किंवा गरम पाण्यात बुडवून कोमट करायची नाही. लावायला उशीर होणार असेल तर नर्सताईंना सांगायचं, घरच्या किंवा हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही. साठवणीच्या फ्रिजमधून बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात ती लावायला हवी आणि चार तासांत संपायला हवी.

लावण्यापूर्वी नर्सताई मुलाचं नाव आणि पिशवीवरची चिठ्ठी ताडून बघतात. तुम्हीही जवळ उभ्या राहा. नाव मोठ्यानं सांगा, रक्तगट विचारा, पिशवीवरची तारीख विचारा. एकाच वॉर्डात एकाच नावाची दोन मुलं असू शकतात. यात कुणावर अविश्वास नाही, हे दोघांनी मिळून करायचं काम आहे.

आया आम्हांला हमखास विचारतात, "पिशवी अर्धीच का लावली? बाकीचं रक्त कुठं गेलं?" लहान मुलाला रक्त वजनावर देतात, साधारण किलोला 10 ते 15 मिलिलिटर. दहा किलोच्या मुलाला 100 ते 150 मिलिलिटर पुरे. रक्त फार कमी असलेल्या मुलाचं हृदय आधीच दमलेलं असतं. त्यात भराभर किंवा जास्त रक्त गेलं तर फुप्फुसात पाणी होऊन धाप लागते. म्हणून थोडं, आणि तीन-चार तासांत हळूहळू. थेंब सावकाश पडतोय म्हणून स्वतः चक्री फिरवून वेग वाढवायचा नाही.

पहिली पंधरा मिनिटं फार महत्त्वाची. तेव्हा खाटेपासून हलू नका. थंडी वाजली, ताप चढला, अंगावर गांधी उठल्या, पाठ-पोट दुखायला लागलं, श्वास वाढला, लघवी लाल झाली, तर क्षणाचाही उशीर न करता हाक मारा. रक्त आधी थांबवतात, मग पुढचं बघतात. लहान मुलाला सांगता येत नाही. त्याचं अचानक कळवळणं आईलाच पहिल्यांदा कळतं. घरी जाताना कागद मागून घ्या. रक्तगट, किती रक्त दिलं, कोणत्या तारखेला, त्रास झाला का, हे सगळं त्यावर हवं.

आता परक्या रक्ताच्या भीतीबद्दल. ही भीती उगीच नाही. 2022 साली नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्तातून एचआयव्हीची लागण झाल्याची बातमी आली, त्यांतलं एक मूल दगावलं. असं कुणाच्याही लेकराबाबत होऊ नये. म्हणून कायद्यानं प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया या पाचांसाठी तपासावीच लागते. काही रक्तपेढ्यांत नॅट नावाची आणखी बारीक तपासणी होते, तिनं लागण लवकर पकडता येते. धोका फार कमी होतो, पण अगदी शून्य होत नाही. म्हणून तर विनाकारण रक्त घ्यायचं नाही म्हणतो. आणि मूल जिवाच्या टोकावर असेल तर रक्त न देण्याचा धोका कितीतरी मोठा असतो, हेही तितकंच खरं.

पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे. तेव्हा रुग्णालयाच्या दारात कुणी "दाता देतो, इतके पैसे द्या" म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. "बापाचं रक्त घ्या, घरचंच बरं," असंही म्हणतात. बापाची माया खरी, पण अगदी जवळच्या नात्यातलं रक्त खास किरणांची प्रक्रिया न करता मुलाला दिलं, तर क्वचित त्या रक्तातल्या पेशी मुलाच्या शरीरावरच उलटतात, आणि ते जीवघेणं असतं. बापानं रक्त द्यावं, जरूर द्यावं, पण ते रक्तपेढीत, दुसऱ्या कुणासाठी.

आणि मैत्रिणींनो, काही मुलांना रक्त एकदा देऊन भागत नाही. वेल्ह्याकडच्या एका वस्तीवरची दीड वर्षाची मुलगी आमच्या बघण्यात आहे. कित्येक महिने टॉनिक चालू होतं, रक्त वाढेना, पोट मात्र पुढे येत गेलं. सगळे म्हणायचे जंत असतील. पुण्यात रक्ताची खास तपासणी झाली आणि निदान निघालं थॅलेसेमिया मेजर. पोट पुढे आलं होतं ते प्लीहा वाढल्यानं. आता दर तीन आठवड्यांना तिला रक्त लागतं. पहाटेची एसटी, हातात फाईल, कडेवर लेक, आणि संध्याकाळी उशिरा परत. बापाची त्या दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच.

अशा मुलांना रक्त वेळेवर मिळालं तर ती वाढतात, शाळेत जातात, मोठी होऊन कामाला लागतात. पण प्रत्येक पिशवीबरोबर लोह अंगात साठत जातं, एका पिशवीत 200 मिलिग्रॅमच्या वर. शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, आणि ते हृदयात, यकृतात जाऊन बसतं. म्हणून लोह बाहेर काढायचं औषध रोज द्यावं लागतं, आणि ठरलेल्या वेळी फेरिटिनची तपासणी करावी लागते. रक्त दिलं आणि हे औषध चुकवलं, तर काम अर्धंच झालं. अशा मुलाला डॉक्टरांना न विचारता लोहाचं टॉनिक देणं म्हणजे भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतणं. कावीळ ब ची लस पुरी झालेली हवी. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया असलेल्यांना ओळखपत्रावर रक्त मोफत देण्याचं शासनाचं धोरण आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात हे तिन्ही आजार आहेत, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

त्या मुलीच्या घरी आजी म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे सुनेकडून आलं." असं नसतं, आजी. हा आजार आई आणि बाप, दोघांकडूनही तो गुण आला तरच मुलाला होतो. दोघांच्याही प्रकृती ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो. अशा जोडप्याला प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता असते. आपल्या देशात 100 माणसांत तीन-चार जण हा गुण घेऊन हिंडतात. एचबी-ए-टू नावाच्या एका रक्ततपासणीनं ते कळतं. लग्न ठरवताना पत्रिका बघा, नका बघू, पण ही तपासणी दोघांचीही करा. लग्न आधीच झालं असेल तर दिवस राहिल्याबरोबर पहिल्या दोन-तीन महिन्यांत करा. एकाच्याच अंगात गुण निघाला तर मुलाला मेजर आजार होत नाही, लग्न मोडायचं काही कारण नाही. आणि पोरीच्याच माथी दोष मारायचा तर नाहीच नाही.

शेवटचं, आपल्या गावाचं काम. उन्हाळ्यात शहरातली कॉलेजं बंद होतात, शिबिरं कमी होतात, रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. पण त्या मुलीचे तीन आठवडे काही सुट्टीवर जात नाहीत. आपल्याकडे गणपतीत, जयंत्यांना शिबिरं होतात, चांगलंच आहे. पण साठवलेल्या लाल पेशी फार तर 35 ते 42 दिवस टिकतात. म्हणून एकाच दिवशी 200 पिशव्या आणि मग वर्षभर काही नाही, यापेक्षा वर्षातून तीन-चार वेळा थोडं थोडं बरं. एखादं शिबिर एप्रिल-मेमध्ये घ्या, जत्रेला आलेली मुंबई-पुण्याची मंडळी तेव्हा गावातच असतात. वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो, आणि हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार महिन्यांनी.

त्या साडेबाराशी आपल्या कितीतरी बाया अडतात. हौसेनं रांगेत उभ्या राहतात आणि "ताई, तुमचंच कमी आहे" ऐकून परत येतात. ते हसण्यावारी नेऊ नका. राज्यात निम्म्याहून जास्त बायांत रक्त कमी आहे, त्याच पाहणीत हेही निघालंय. मुलाच्या औषधाची बाटली घेताना स्वतःच्या गोळ्याही मागून घ्या. आईच्या अंगात रक्त असलं तर पोटातलं बाळ शिदोरी घेऊन येईल. आणि पुढच्या शिबिरात तुम्ही दिलेली पिशवी कुणाच्या तरी लेकराला लागेल.

तर बायांनो, उद्या सकाळी उजेडात एवढं करा. घरातल्या प्रत्येक मुलाचा तळहात आणि डोळ्याची पापणी बघा. फिकी वाटली तर तपासणी करा, कारण विचारा, औषध पुरं करा. डॉक्टरांनी रक्त सांगितलं तर घाबरू नका, नको म्हणाले तर हट्ट करू नका. काही विचारायचं असेल तर अंगणवाडीत, उपकेंद्रात, वाटेत भेटलो तरी आम्हांला विचारा. येतो आता. नमस्कार.